आसनक्षमता दोन

आत्याला मोटरसायकलवर मागे बसवून बेचाळीस किलोमीटरवर न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणायचं, एवढंच काम होतं. माणसं चंद्रावर जाऊन आली आहेत हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या मागे आत्या बसलेली नव्हती.

माझी आत्या बत्तीस वर्षं नर्स होती, आणि त्यातली सव्वीस वर्षं एकाच डॉक्टरबाईंच्या हाताखाली. त्या डॉक्टरबाई आता त्र्याऐंशी वर्षांच्या. न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण बाईंनी पलंग सोडायचं नाव घेतलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्यांच्या भाचीने आत्याला गुपचूप फोन केला, की सर्जन म्हणतात, या महिन्यात उभ्या राहिल्या तर राहिल्या, नंतर अवघड आहे. आत्याने फोन ठेवला, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "तुझी मोटरसायकल कधी मोकळी असते?"

तिला बंद गाडी सोसत नाही. मोटार असो वा बस, तिसऱ्या किलोमीटरला तिचा चेहरा हिरवा पडतो आणि पाचव्याला बाकीच्या प्रवाशांचा. त्यामुळे प्रश्न मोटरसायकलवर आला, म्हणजे माझ्यावर आला.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. दुकानदाराचा किलो खरोखर किलो आहे का, हे बघण्यात माझी बावीस वर्षं गेली. असा माणूस कुठलीही गोष्ट अंदाजाने करत नाही. मोटरसायकल मी सेहेचाळिसाव्या वर्षी घेतली, आठ महिन्यांपूर्वी, आणि तेव्हापासून तिच्या मागच्या सीटवर माझ्या जेवणाच्या डब्याशिवाय कोणीही बसलेलं नव्हतं. बायकोने एकदा विषय काढला होता. मी तिला म्हणालो, अजून माझा हात बसायचा आहे. त्यावर ती म्हणाली की हात बसेपर्यंत मी चालतच जाते, आणि तेव्हापासून ती चालतच जाते.

मी रीतसर सुरुवात केली. गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढली. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त हवी, मागच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे कडक करायला हव्यात, ब्रेक नेहमीपेक्षा आधी लावायला हवा, असं त्यात पान सत्तावीसवर लिहिलं होतं. वजनाप्रमाणे म्हटल्यावर मी आत्याला वजन विचारलं. ती म्हणाली, सत्तेचाळीस, आणि पिशवीसकट पन्नास. मी तिला एकदा काट्यावर उभं राहायची विनंती केली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पन्नास हा आकडा सरकारी शिक्का मारलेला समजून लिहून घेतला.

आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनचालक राहतात. त्यांना सगळे इंजिनवाले काका म्हणतात. छत्तीस वर्षांत त्यांनी लाखो माणसं सुखरूप पोचवली, त्यामुळे प्रवाशांच्या सुरक्षिततेवर त्यांच्याइतका अधिकाराने बोलणारा आमच्या गल्लीत दुसरा नाही. छत्तीस वर्षं त्यांची सगळी वळणं रुळांनी घेतली, ही गोष्ट मला नंतर सुचली. काकांचं म्हणणं पडलं की जिवंत माणूस बसवण्याआधी मालगाडी चालवून बघावी. योगायोगाने त्यांच्याकडे न्हाणीघराच्या दुरुस्तीचं पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं पडलेलं होतं. पन्नास किलो म्हणजे पिशवीसकट आत्या. एवढं अचूक वजन दारात चालून आल्यावर मला मोह आवरला नाही.

आम्ही पोतं मागच्या सीटवर उभं बांधलं. तळमजल्यावरचे दंतवैद्य गाठी बघायला आले आणि पडलो तर आधी कुठले दात जातात हे मला समजावून सांगून गेले. मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. मी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ब्रेक आधी लावला; मात्र पोत्याने पुस्तिका वाचलेली नव्हती. ते पुढे आलं, माझ्या पाठीवर आपटलं, मग गतिरोधकावर मागे गेलं आणि फाटलं. मागच्या बाजूला दंतवैद्यांच्या बायकोने नुकतंच कुंड्यांना घातलेलं पाणी रस्त्यावर आलं होतं. आम्ही झाडू शोधेपर्यंत सिमेंटने आपला विचार पक्का केला होता. गल्लीत आता दोन गतिरोधक आहेत.

आत्या गच्चीतून हे बघत होती. ती एवढंच म्हणाली, "उद्या जायचं का?"

उद्या जाता येईना, कारण दरम्यान काकांनी विमा बघायला सांगितला होता. विमा बघताना नोंदणी पुस्तिका बघितली, आणि तिच्यात आसनक्षमता या रकान्यासमोर स्वच्छ अक्षरात 'एक' लिहिलेलं होतं. कोणा कारकुनाच्या हातून दोनाचा एक झाला होता. दुसऱ्या कोणी हे सोडून दिलं असतं. पण मी लोकांचे तराजू जप्त करणारा माणूस. माझ्याच कागदावर एक आणि गाडीवर दोन, हे मला पाप वाटलं.

वाहन कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाई अतिशय सभ्य होत्या. त्यांनी कागद पाहून सांगितलं की तुमच्या गाडीला मागची सीट नाही. मी म्हणालो, गाडी बाहेर उभी आहे, सीट दिसते आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला दिसत असेल, कार्यालयाला दिसत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागेल. अर्जात सीटची लांबी सेंटिमीटरमध्ये भरायची होती. ती मोजायला त्यांच्याकडे शाळेतली एक पट्टी होती, आणि तिचं पहिलं सेंटिमीटर तुटलेलं होतं. माझ्यातला खात्याचा माणूस जागा झाला. तुटक्या मापाने मोजमाप कसं चालेल, यावर मी बोललो. बोलून झाल्यावर मला तीन दिवसांनी यायला सांगण्यात आलं.

तीन दिवसांनी निरीक्षक भेटले. प्रत्यक्ष बसून खात्री केल्याशिवाय मी सही करत नाही, असं त्यांचं तत्त्व होतं. तत्त्वाच्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण हे तत्त्व अठ्ठ्याण्णव किलोंचं होतं. मी मागच्या स्प्रिंगा शेवटच्या खाचेपर्यंत कडक केल्या आणि निरीक्षक बसले. माझ्या आयुष्यातला मागे बसलेला तो पहिला माणूस. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, आणि प्रत्येक वळणावर, मी डावीकडे कललो की ते उजवीकडे कलायचे. मी वळायचं म्हणत होतो, ते नको म्हणत होते, आणि गाडी बहुमताची वाट पाहत सरळ जात होती. अशा रीतीने आम्ही कार्यालयाच्या कुंपणाला दोनदा भेट दिली. ब्रेक लावला की त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. उतरल्यावर त्यांनी बराच वेळ खांबाला धरून श्वास घेतला आणि कागदावर लिहिलं: दुसऱ्या व्यक्तीस बसण्यास जागा आहे. मग तोंडी म्हणाले, "जागा आहे. व्यक्ती तुम्ही शोधा."

घरी येईपर्यंत बारा दिवस उलटले होते. मी आत्याला दुरुस्त झालेली नोंदणी पुस्तिका दाखवली. तिने 'दोन' या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, भाचीचा परत फोन आला होता, बाईंनी कालपासून जेवणही कमी केलं आहे. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा थोडी लाज वाटली. मी बारा दिवस सीट मोजत बसलो होतो, आणि ही एकाहत्तर वर्षांची बाई बारा दिवस पिशवी भरून बसली होती.

रविवारी सकाळी आठला निघालो. गल्ली निरोपाला जमली. काकांनी हिरवा रुमाल आणला होता. आत्या खाली आली ती जाड पँट, पूर्ण बाह्यांचं जाकीट, पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात तिचं स्वतःचं हेल्मेट घेऊन. मी तिच्यासाठी एका बाजूला पाय सोडून बसायची सोय केली होती, पाठीला उशीसुद्धा बांधणार होतो. तिने उशी माझ्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, "एका बाजूला बसायचं ते फोटोसाठी."

मग तिने मला चार गोष्टी सांगितल्या, अगदी वॉर्डमध्ये नव्या पोरींना सांगत असेल तशा. मी सांगितल्याशिवाय ती बसणार नाही आणि मी सांगितल्याशिवाय उतरणार नाही. गाडी थांबली तरी तिचे पाय फूटरेस्टवरच राहतील. जमिनीवर पाय टेकायचं काम माझं. वळणावर ती माझ्याबरोबर कलेल, माझ्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही. चौथी गोष्ट सांगताना तिने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि म्हणाली, "मला सामान समज. सामान वळणावर आपलं मत देत नाही."

ती बसली. खरं सांगतो, मला कळलंच नाही. निरीक्षक बसले तेव्हा गाडीने उसासा टाकला होता. आत्या बसली तेव्हा आरसासुद्धा हलला नाही. रुमाल फडकला आणि आम्ही गेलो.

गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता आणि मी चांगला चालवत होतो, असं माझं मत आहे. अडचण एकच, मागे कोणी आहे असं वाटतच नव्हतं. वळणावर ओढ नाही, ब्रेकला धक्का नाही, कण्हणं नाही की सूचना नाही. कमरेला तिचे हात होते, पण तेही पट्ट्यासारखे, असल्याची जाणीव न देणारे. माझ्या मनात शंका यायला लागली. आत्या आहे ना? झोपली तर नाही? मी जरा मान वळवून पाहिलं. होती. दोन किलोमीटरने परत पाहिलं. होती. तिसऱ्या वेळी तिने माझ्या हेल्मेटवर बोटाने टकटक केली. मी गाडी कडेला घेतली.

ती म्हणाली, "मागे बघू नकोस. मागे मी आहे. पुढे बघायला तुझ्याशिवाय कोणी नाही."

मी हो म्हणालो. मला ते पटलंही. आणि तरीही पुढच्या सातव्या किलोमीटरला, रस्त्याचं काम चालू होतं तिथे, खडबडीत पट्टा आल्यावर, ती दचकली असेल का या केवळ काळजीपोटी मी चौथ्यांदा मान वळवली.

डोकं जिकडे जातं तिकडे गाडी जाते, हे पुस्तिकेत एकतिसाव्या पानावर आहे. माझं वाचन सत्तावीसपर्यंतच झालं होतं. समोर वाळूचा ढीग होता. वेग फार नव्हता, चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. पण वाळू मऊ असते आणि ती गाडीला आत घेते. पुढचं चाक रुतलं, गाडी डाव्या अंगावर कलली, आणि मी हँडल न सोडता, कप्तान जहाजाबरोबर बुडावा तसा, तिच्याबरोबर सावकाश वाळूत गेलो.

माझं पहिलं वाक्य "आत्या" हे होतं. ते वाळूत गेलं. तोंड रिकामं करून मी मान वर केली तर आत्या रस्त्याच्या कडेला सरळ उभी होती. हेल्मेट डोक्यावर, पिशवी खांद्यावर, बुटावर वाळूचा कण नाही. मी विचारलं, लागलं का. ती म्हणाली, नाही, गाडी बसायला लागली तशी मी उभी राहिले. मला असं कधी कोणी पडून दाखवलं नव्हतं, म्हणजे न पडून दाखवलं नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी, धावत्या गाडीवरून, पायरी उतरावी तशी ती उतरली होती.

तिने आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं, मग माझ्याकडे आली. मनगट दाबून बघितलं, बोटं हलवायला लावली, कोपराला खरचटलं होतं ते पिशवीतल्या पाण्याने धुऊन त्यावर पट्टी बांधली. इतक्या हलक्या हाताने, की मला रडू यायला लागलं, आणि ते दुखल्यामुळे आहे असं भासवायला मी थोडा कण्हलो. मी म्हणालो, आत्या, आपण परत जाऊ, मला हे जमणार नाही.

ती माझ्या शेजारी वाळूवर बसली. तेव्हा तिने मला सांगितलं, की डॉक्टरबाई स्वतः मोटरसायकल चालवायच्या. दवाखान्याला दुसरी गाडी नव्हती. सव्वीस वर्षं त्या पुढे आणि ही मागे, मांडीवर बाळंतपणाची पेटी. चिखलात, ओढ्यातून, उन्हात. "पहिल्या वर्षी त्यांनी मला अकरा वेळा पाडलं," आत्या म्हणाली. "बाराव्या वेळी मी उतरायला शिकले, आणि त्या चालवायला. चल, ऊठ."

दोघांनी मिळून गाडी काढली. उरलेला रस्ता मी मागे पाहिलं नाही.

डॉक्टरबाईंचं घर लहान, बैठं, दारात फरशीची तीन पावलांची उतरण. भाचीने हळू आवाजात सांगितलं, आजही काही बोलल्या नाहीत. आतल्या खोलीत पलंगाजवळ चालायचा वॉकर उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत घातलेला होता. त्यावरूनच त्याचा उपयोग कळला. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मला वाटलं आत्या आता त्यांचा हात हातात घेईल, डोळ्याला पदर नसला तरी रुमाल लावेल. तिने खुर्ची ओढली आणि नर्सने डॉक्टरांना सकाळचा अहवाल द्यावा तशा आवाजात सांगायला सुरुवात केली. निघालो आठला. रस्ता कोरडा. चालवणारा माझा भाचा. वाळूत एकदा पाडलं. कोपराला किरकोळ जखम, त्याच्या, माझ्या नाही.

भिंतीकडून प्रश्न आला. "ब्रेक कुठला दाबला?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगितलं, की दाबला नव्हता, मी मागे बघत होतो.

"मागच्या चाकात हवा किती?"

मी दशांशासकट आकडा सांगितला. त्यावर बाईंनी कूस बदलली. बारीक, पांढरी, पण नजर अशी की मी उभ्याउभ्याच जरा ताठ झालो. "आकडा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मग बिघडलं काय? गाडी कुठे आहे?"

आत्या शांतपणे म्हणाली की दारात उभी आहे, इथून दिसायची नाही. आणि खुर्चीवर मागे टेकून बसली. वॉकरवरचा टॉवेल तिने कधी काढला, मला कळलं नाही.

पलंगापासून दारापर्यंत एकोणीस पावलं होती. मी मोजली, कारण मोजण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं. बाईंनी मध्ये दोनदा थांबून भिंतीला शिव्या घातल्या. आत्या त्यांच्या मागे वीतभर अंतरावर चालत होती, हात उघडे, कुठेही स्पर्श नाही, बाई डावीकडे कलल्या की तीही तेवढीच डावीकडे. भाची स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात धरून उभी होती. गेले सहा आठवडे जे दोन फिजिओथेरपिस्ट आणि एक सर्जन करू शकले नव्हते, ते एका वाईट चालकाने केलं होतं. मी ते नम्रपणे नोंदवतो.

बाईंनी दारात येऊन तळहाताने मागची सीट दाबली. ती हलली नाही. त्यांनी परत दाबली. "ही पन्नास किलोंची बाई," त्या म्हणाल्या, "आणि तिच्याखाली हा दगड? प्रत्येक खड्डा हिच्या मणक्यात गेला असेल."

निरीक्षकांसाठी कडक केलेल्या स्प्रिंगा मी परत सैल केल्याच नव्हत्या. बावीस वर्षं वजनमापं खात्यात नोकरी, आणि पन्नास किलोंच्या आत्याला मी अठ्ठ्याण्णव किलोंवर बसवून आणलं होतं. बेचाळीस किलोमीटर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, सामान मत देत नाही.

बाईंनी मला खाली बसवून स्प्रिंगा सैल करायला लावल्या, प्रत्येक खाच स्वतः वाकून बघितली, आणि मी पाना फिरवत असताना आत्याला विचारलं, "सिस्टर, हा तोच ना? पायाळू?"

आत्या हो म्हणाली. मला या जगात त्या दोघींनीच आणलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पायांकडून आणलं, हे मला त्या दिवशी कळलं.

"तरीच," बाई म्हणाल्या. "जन्मतानाही यानं पुढे बघितलं नव्हतं."

आणि त्या हसल्या. वॉकरला धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आत्याही हसली, भाचीही, आणि हातात पाना धरून मीही. माझी प्रतिष्ठा त्या क्षणी चाकाच्या उंचीवर होती. पण त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला उभं राहायला तिचा आधार होत असेल, तर तिचं दुसरं काय लोणचं घालायचं होतं मला?

जेवण झालं, बाई खुर्चीत बसून जेवल्या. निघताना त्यांनी मला जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली: गाडी थांबली हे मागच्या माणसाला झाडं थांबली म्हणून कळलं पाहिजे, दुसऱ्या कशाने नाही. गुरुवारी त्या फाटकापर्यंत चालून दाखवणार होत्या, आणि ते बघायला आत्याने यायचं होतं. म्हणजे मीही.

येताना मी बेचाळीस किलोमीटर तेच एक करत राहिलो, झाडं थांबवत राहिलो. लांबून वेग सोडायचा, ब्रेक दोन बोटांनी, क्लच लोणी कापल्यासारखा. वाळूच्या ढिगाशेजारून मी नजर रस्त्याच्या टोकाला लावून गेलो. कुठल्याशा वळणावर आम्ही दोघं आणि गाडी मिळून एकच वस्तू आहोत असं वाटलं, आणि मागे कोणी नसल्याची जी मला सकाळी भीती वाटत होती, ती खरं तर केवढ्या मोठ्या कलेमुळे होती हे मला कळलं. सव्वीस वर्षं कोणाच्या तरी मागे इतकं हलकं बसणं मला जन्मात जमणार नाही.

गल्लीत दोन्ही गतिरोधक पार करून गाडी दारात थांबवली. सांगितल्यावर आत्या उतरली, हेल्मेट काढलं, केस नीट केले. मला राहवेना. मी विचारलं, कशी चालवली?

आत्याने थोडा विचार केला. "मागे बसलं तरी माझा उजवा पाय ब्रेक दाबतो, जुनी सवय आहे," ती म्हणाली. "जाताना तो सतरा वेळा दाबला गेला. येताना एकदाच."

बेचाळीस किलोमीटरला एकदाच. मी गाडीच्या टाकीवरून हात फिरवला आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, की ते एकदा कुठे.

"आत्ताच, गल्लीत शिरताना," आत्या जिन्याकडे वळत म्हणाली, "काका बघतायत म्हणून तू हात केलास तेव्हा."